मध्येच बंद पडणारा संगणक

पूर्ण बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. दोष कायम समोर असतो. तो सापडेपर्यंत शोधत राहायचे. खरी पंचाईत करतात ती कधी चालणारी, कधी न चालणारी यंत्रे. दुरुस्तीवाला आला की ती शहाण्यासारखी वागतात आणि तो फाटकाबाहेर पडला की पुन्हा रुसतात. शाळांना देणगी म्हणून मिळालेले जुने संगणक पुष्कळदा याच जातीचे असतात.

आम्ही शिकवतो त्या शाळेत असाच एक संगणक होता. चालता चालता तो अचानक बंद पडे आणि आपोआप पुन्हा सुरू होई. शिष्यवृत्तीच्या अर्जात भरलेली माहिती नाहीशी होई. हळूहळू सर्वांनी एक निष्कर्ष काढला : आठवीतली एक मुलगी बसली की तो हमखास बंद पडतो. मुले तिला हात लावू देईनात. आमच्यापैकी काहींनीही तिला ‘जपून वापर’ म्हणून सुनावले. पुढे ती स्वतःच संगणकाच्या तासाला मागच्या बाकावर बसू लागली. तेव्हा आम्हांला जाणवले, की हा आरोप न तपासता सोडून देणे विज्ञान शिकवणाऱ्यांना शोभणारे नाही.

आधी वही, मग स्क्रू-ड्रायव्हर

संगणकाशेजारी आम्ही एक वही ठेवली. तो बंद पडला की तारीख, वेळ, किती वेळ चालू होता, कोण बसले होते आणि त्या वेळी शाळेत आणखी काय चालले होते, हे लिहायचे. दोन आठवड्यांत १३ नोंदी झाल्या. त्यांपैकी ५ सकाळच्या होत्या : थंडीत पहिल्या प्रयत्नात संगणक सुरूच झाला नव्हता. उरलेल्या ८ नोंदी दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला होत्या. या दोन आठवड्यांत ती मुलगी संगणकाजवळ गेलीही नव्हती. पूर्वी तिची पाळी मात्र नेमकी त्याच तासाला असे.

त्या तासाला आणखी काय होते? सुट्टीत पाण्याची टाकी रिकामी होते, म्हणून सुट्टी संपली की शिपाईमामा पंप सुरू करतात. वहीतल्या शेवटच्या रकान्याने ही गोष्ट दाखवून दिली.

मग आम्ही मुद्दाम प्रयोग केला. संगणकासमोर कोणालाही न बसवता थोड्या थोड्या वेळाने पंप १० वेळा सुरू केला. त्यांपैकी ६ वेळा संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला. प्रत्येक वेळी खोलीतला बल्ब क्षणभर मंद होत होता. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते, त्यामुळे जुन्या वायरिंगमधला विद्युतदाब क्षणभर खाली येतो. पण त्याच फळीवर जोडलेला शेजारचा संगणक मात्र निर्धास्त चालू होता. म्हणजे निमित्त पंपाचे असले, तरी दुबळेपणा या एका संगणकातच होता.

टाकी लहान होते तेव्हा

संगणकाच्या मागच्या बाजूस विद्युतपुरवठ्याची एक पेटी असते. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. घरातला २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह देते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला १०० वेळा तिचा दाब शून्यावर येतो. या खळग्यांतून संगणकाला पार नेण्याचे काम पेटीतला मोठा धारित्र, म्हणजे कपॅसिटर, करतो. गच्चीवरच्या टाकीसारखा तो भरतो आणि रिकामा होतो. चांगल्या पेटीची ही टाकी बाहेरची वीज पूर्ण गेली तरी १६-१७ मिलिसेकंद संगणक चालवू शकते. वीज गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळही हीच टाकी निभावून नेते. यूपीएस असूनही संगणक बंद पडत असेल, तर यूपीएसइतकाच संशय या पेटीवरही घ्यावा.

या कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि विद्राव्याने भिजवलेला कागद यांची गुंडाळी असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते द्रव हळूहळू उडून जाते. टाकी लहान होते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. एरवी काम भागते. पण पंपाने दाब थोडा खाली ओढला, की खळगा फार खोल जातो. तेव्हा पेटी ‘पुरवठा ठीक आहे’ हा आपला संकेत काढून घेते आणि संगणक नव्याने सुरू होतो. थंडीत उरलेल्या द्रवाचा रोध आणखी वाढतो. त्यामुळे थकलेल्या कपॅसिटरचा संगणक सकाळी कुरकुरतो आणि तापल्यावर नीट चालतो.

याचे एक गणित वर्गात घेता येईल. कपॅसिटरवर ‘१०५ अंश सेल्सिअस’ असे छापलेले असते. समजा, त्या तापमानाला त्याचे आयुष्य २००० तास आहे. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. ७५ अंशांना ते आठपट, म्हणजे १६,००० तास. शाळेचे २२० दिवस रोज ६ तास धरले, तर वर्षाला १३२० तास; म्हणजे सुमारे १२ वर्षे. आता पंख्याची जाळी धुळीने बुजून तापमान ८५ अंशांवर गेले, तर हेच आयुष्य ६ वर्षांवर येते. संगणकावरची धूळ का झटकावी, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

एका वेळी एकच बदल

आम्ही आधी फक्त वीजजोडणीची दोरी बदलली. फरक नाही. मग प्लगची जागा बदलली. फरक नाही. नंतर तंत्रज्ञाच्या मदतीने दुसऱ्या संगणकाची पेटी बसवली आणि पंप पुन्हा १० वेळा चालवला. एकदाही संगणक बंद पडला नाही. पूर्वी १० पैकी ४ वेळा तो तग धरीत होता. दोष तसाच असता, तर सलग १० वेळा तग धरण्याची शक्यता ०.४ चा दहावा घात, म्हणजे दहा हजारांत एक इतकीच होती. ‘एकदा चालला, झाले काम’ असे मधूनमधून उद्‌भवणाऱ्या दोषाबाबत म्हणता येत नाही.

त्यानंतर बहुतेक जण टाळतात ती पायरी केली : जुनी पेटी परत बसवली. दोष परत आला. पेटी बसवताना एखादी सैल पिन घट्ट बसून दोष गेला असता, तर तो असा परतला नसता. पुढे नवी पेटी आली आणि सकाळचे कुरकुरणेही थांबले.

वेळ सांगते ते ऐकावे

दोष केव्हा येतो, यावरून पुष्कळ कळते. गार असताना सुरू होत नाही, तर थकलेले कपॅसिटर. अर्ध्या तासाने बंद पडतो, तर धूळ, अडकलेला पंखा किंवा तापल्यावर फाकणारा डाखेचा जोड. टेबल हलले की बंद पडतो, तर सैल प्लग. केवळ घड्याळ मागे जाते, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल. मदरबोर्डवरचे कपॅसिटर नुसते पाहावेत : माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी ओघळ असलेला असेल, तर तो गेला. सुमारे १९९९ ते २००७ या काळात सदोष विद्राव्याचे कपॅसिटर पुष्कळ मदरबोर्डांवर बसले होते आणि ते अकाली फुगले.

मल्टिमीटरने काळ्या तारेशी पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडे याबाहेर असतील तर पेटी सदोष. पण आत असतील तर पेटी निर्दोष, असे मात्र नाही. मिलिसेकंदांची घसरण साध्या मीटरला दिसतच नाही.

एक सूचना कळकळीची : ही पेटी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो. तो जीव घेऊ शकतो. विद्यार्थ्यांनी निरीक्षण, नोंदी आणि तर्क करावेत. प्लग काढूनही पेटीचे झाकण बंदच राहू द्यावे.

नवी पेटी बसल्यावर आम्ही ती वही वर्गात वाचून दाखवली आणि आमच्याकडून झालेली चूकही सांगितली. त्या दिवशी दुपारी सुट्टीनंतर पंप सुरू झाला, तेव्हा संगणकासमोर तीच मुलगी बसली होती. वहीतली शेवटची नोंद तिच्या हातची आहे : ‘पंप सुरू. बल्ब मंद झाला. संगणक चालू.’