खंडणीचा बाजार

१९७३ च्या जुलैत अमेरिकन तेलसम्राट जे. पॉल गेटी यांच्या १६ वर्षांच्या नातवाचे रोममध्ये अपहरण झाले. आजोबांनी खंडणी देण्यास साफ नकार दिला. एकासाठी पैसे मोजले तर चौदाही नातवंडे पळविली जातील, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबरात मुलाचा कापलेला कान एका वृत्तपत्राच्या कचेरीत येऊन पडला, तेव्हा ते नमले. पण करसवलतीत बसेल तेवढीच रक्कम त्यांनी स्वतः दिली आणि उरलेली आपल्याच मुलाला चार टक्के व्याजाने कर्जाऊ दिली! वहीखात्यात आयुष्य घालविलेल्या माणसालाही हा हिशेब वाचवत नाही. तरीही त्यांचा मूळ तर्क खोटा नव्हता, हेच यातले दुखणे.

कारण इटली काही दरिद्री देश नव्हता. कालाब्रियात आणि सार्डिनियात ओलिसाला महिनोन् महिने दडविता येईल असे दुर्गम डोंगर होते, त्याविषयी मूग गिळून बसणारी गावे होती, आणि उत्तरेत मुकाट्याने पैसे मोजणारी कारखानदार घराणी होती. शिवाय पैसे पोहोचले की माणूस सुटतो, असा लौकिक टोळ्यांना जपावा लागे. पत नसेल तर हा धंदाही बसतो.

१९९१ मध्ये इटलीने कायदा करून अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ता गोठविण्याची तरतूद केली. पुढे अपहरणे ओसरली. टोळ्यांना अमली पदार्थांत अधिक नफा दिसू लागला होता, हेही खरे. पण तिजोरीच बंद झाल्यावर ओलीस धरून उपयोग काय? मात्र ज्या आईचा मुलगा तेव्हा डोंगरात साखळीने बांधलेला होता, तिने या कायद्याला काय म्हणावे?

कोलंबियाने १९९३ मध्ये खंडणी देणे गुन्हा ठरविले, तेव्हा तेथील घटना न्यायालयाने त्याच वर्षी ती बंदी रद्द केली. आप्ताचा जीव वाचविणाऱ्याला गुन्हेगार ठरविता येत नाही, असा न्यायालयाचा विचार होता. तो माणुसकीचाच होता. परंतु २००० च्या सुमारास त्या देशात वर्षाला तीन हजारांवर माणसे पळविली जात होती. दहा लाख डॉलरवर संपत्ती असणाऱ्याने ‘कर’ भरावा, नाहीतर ओलीस व्हावे, असा फतवाच फार्क या बंडखोर संघटनेने काढला होता.

त्या काळात दर रविवारी पहाटे एका नभोवाणी कार्यक्रमात ओलिसांचे नातलग बोलत. मुलीचे लग्न ठरले, आईची प्रकृती सुधारली, अशा घरगुती वार्ता ते सांगत. आणि दूर जंगलात कोणीतरी ट्रान्झिस्टर कानाशी धरून त्या ऐकत असे.