विजेची मोटार : अमेरिका आणि चीन

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन मोटार-कंपनीचे भारतातले पहिले विक्री-दालन उघडले. साठ लाखांच्या घरातली ती मोटार पाहायला लोक गेले, वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे छापली, आणि अखेर अमेरिकेची विजेची मोटार आपल्याकडे आली असे सर्वत्र म्हटले गेले. एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटली. ती मोटार अमेरिकेत तयार झालेली नव्हती. ती शांघायच्या कारखान्यातून आली होती.

चिनी विजेच्या मोटारी अमेरिकन मोटारींपुढे टिकतील काय, या आजच्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला पहिल्याने ही शांघायची हकीकत आठवते. अमुक मोटार अमेरिकन आणि तमुक चिनी, अशी वाटणी करू गेले की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. तरी प्रश्न खोटा नाही. त्यावर लक्षावधी कामगारांची पोटे अवलंबून आहेत, आणि त्यांतले काही पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर, चाकणला राहतात. त्यांच्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आधी आकडे. २०११ साली एका मुलाखतीत टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांना बीवायडी या चिनी कंपनीविषयी विचारले, तेव्हा ते चक्क हसले होते. त्या काळी हसण्यासारखी परिस्थिती होतीही. पुढे २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत बीवायडीने निव्वळ विजेवर चालणाऱ्या सव्वापाच लाखांवर मोटारी विकल्या, आणि टेस्लाने ४ लाख ८४ हजार. २०२४ या सबंध वर्षात टेस्ला थोडक्यात पुढे राहिली. २०२५ साली मात्र बीवायडीची विक्री साडेबावीस लाखांच्या आसपास गेली आणि टेस्लाची १६ लाख ३६ हजारांवर आली. संख्येच्या हिशेबाने पाहिले तर ‘टिकतील काय’ हा प्रश्न आता अमेरिकन मोटारीविषयीच विचारावा लागेल.

असे का घडले, यावर चहाच्या दुकानातही मिळणारे उत्तर असे की, चीनमध्ये मजूर स्वस्त आहे आणि सरकार पैसा ओतते. या उत्तरात तथ्य आहे. वॉशिंग्टनमधल्या एका अभ्याससंस्थेने २००९ ते २०२३ या काळातल्या चिनी सरकारी मदतीचा अंदाज सुमारे २३,००० कोटी डॉलर इतका केला आहे. पण पैसा ओतण्यात अमेरिकाही मागे नव्हती. खुद्द टेस्लाला २०१० साली ४६ कोटी ५० लाख डॉलरचे सरकारी कर्ज मिळाले होते, आणि तिने ते मुदतीपूर्वी फेडले. खरा फरक पाहायचा असेल तर मोटारीच्या पोटात शिरावे लागेल.

पेट्रोलच्या मोटारीचा जीव इंजिनात असतो. शेकडो हलते भाग, त्यांचे घर्षण, त्यांची उष्णता, हे सारे आवरणे ही शंभर वर्षांची विद्या आहे, आणि तीत अमेरिका, जर्मनी, जपान यांची बरोबरी करणे चीनला कधी जमले नाही. विजेच्या मोटारीत ही विद्या जवळजवळ निरुपयोगी होते. तिथे फिरणारी मोटर साधी असते. अवघड वस्तू असते ती बॅटरी. मोटारीच्या खर्चाचा तिसरा हिस्सा बॅटरीतच जातो. म्हणजे आखाडाच बदलला. जुन्या आखाड्यात शेवटचा असलेला गडी नव्या आखाड्यात इतरांबरोबर एकाच रेषेवर उभा राहिला. चीनमध्ये हे ओळखणारी माणसे होती. वान गांग हे जर्मनीत आउडी कंपनीत काम करून मायदेशी परतलेले इंजिनियर. ते २००७ साली विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे मंत्री झाले, आणि विजेच्या मोटारीचा आग्रह त्यांनी सरकारी धोरणात आणला.

आता बॅटरीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सारे मर्म तिथे आहे. लिथियमच्या बॅटरीत दोन पट्टे असतात, आणि भारित कण एका पट्ट्याकडून दुसऱ्याकडे ये-जा करतात. धन पट्ट्यात निकेल आणि कोबाल्ट वापरले की थोड्या वजनात पुष्कळ वीज साठते. पण हे धातू महाग, आणि तापल्यावर पेट घेण्याची धास्ती अधिक. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने १९९०च्या दशकात दाखवून दिले की, लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगाचाही असा पट्टा करता येतो. लोखंडाला काय तोटा! वीज थोडी कमी साठते, कडाक्याच्या थंडीत बॅटरी रुसते, पण ती स्वस्त पडते, जास्त वर्षे टिकते आणि सहसा भडकत नाही. (याच गुडइनफना २०१९ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, लिथियम बॅटरीवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.)

म्हणजे शोध अमेरिकेतला. त्यावर धंदा उभारायलाही अमेरिकन लोकच प्रथम पुढे आले. मॅसॅच्युसेट्समध्ये २००१ साली ए-१२३ नावाची कंपनी निघाली. सरकारने तिला सुमारे २५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले, मिशिगनमध्ये कारखाना उभा राहिला. माल होता, कसब होते, गिऱ्हाईक नव्हते. अमेरिकेत विजेच्या मोटारी घेणारे लोकच थोडे, त्यात सदोष बॅटऱ्या परत घेण्याचा खर्च येऊन पडला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. लिलावात ती घेतली वानशियांग या चिनी उद्योगसमूहाने.

हीच कथा चुंबकाची. विजेच्या मोटरीत जे जबरदस्त चुंबक लागतात, ते निओडिमियम या दुर्मिळ धातूचे. १९८०च्या दशकाच्या आरंभी ते दोन ठिकाणी स्वतंत्रपणे साधले, एक जपानमध्ये आणि दुसरे अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये. जनरल मोटर्सने इंडियाना राज्यात त्याचा कारखाना काढला, १९९५ साली तो विकून टाकला, आणि घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या. पुढच्या दहा वर्षांत इंडियानातले काम बंद होऊन चीनला गेले. आज जगातले असे दहापैकी नऊ चुंबक चीनमध्ये होतात. विकणाऱ्यांनी त्या वर्षीचा नफा-तोटा बघितला होता, आणि त्या हिशेबात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. चुकीचा होता तो हिशेबाचा कालावधी.

ए-१२३ ला जे मिळाले नाही ते गिऱ्हाईक चीनने मुद्दाम घडवले. शेंझेन शहराने २०१७च्या अखेरीस आपल्या १६ हजारांवर बसगाड्या झाडून साऱ्या विजेवर आणल्या. शांघायमध्ये पेट्रोलच्या मोटारीला नंबराची पाटी हवी असेल तर लिलावात हजारो युआन मोजावे लागत. विजेच्या मोटारीला ती फुकट मिळे. मोटार बरी की वाईट याचा विचार माणूस नंतर करतो, फुकटची पाटी त्याला आधी दिसते. हा मनुष्यस्वभाव सर्व देशांत सारखाच. २०२४ साली चीनमध्ये विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या विजेच्या किंवा वीज-पेट्रोल अशा जोडीच्या होत्या. अमेरिकेत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपासच होते.

बीवायडी ही याच मातीत वाढली. वांग चुआनफू यांनी १९९५ साली शेंझेनमध्ये ती काढली, ती बॅटऱ्या करण्यासाठी. जपानी कारखान्यांतली महागडी स्वयंचलित यंत्रे परवडत नव्हती, म्हणून त्यांनी कामाचे लहान लहान तुकडे पाडून ते हाताने करणारे मजूर बसवले. मोटोरोला आणि नोकिया यांच्या फोनमध्ये त्यांच्या बॅटऱ्या गेल्या. २००३ साली त्यांनी एक मोडकळीला आलेला मोटार-कारखाना विकत घेतला. मोटारवाल्यांनी बॅटरी शोधण्याऐवजी बॅटरीवाल्याने मोटार शोधली, हा सारा फरक! २०२० मध्ये त्यांनी पात्याच्या आकाराच्या लांबट, पातळ बॅटऱ्या काढल्या. त्या थेट मोटारीच्या तळाशी ओळीने बसवता येतात, मधल्या पेट्या लागत नाहीत, आणि लोहाच्या बॅटरीतली जागेची उणीव बरीचशी भरून निघते.

आता दुसरी बाजू. चिनी मोटारींच्या स्वस्ताईची वर्णने ऐकून दिपून जाण्याचे कारण नाही. बीवायडीची सीगल ही लहान मोटार २०२४ मध्ये चीनमध्ये सुमारे ७० हजार युआनला, म्हणजे दहा हजार डॉलरच्या आत मिळू लागली. युरोपात तीच मोटार सुधारून, नाव बदलून नेली तेव्हा जर्मनीत तिची किंमत सुमारे २३ हजार युरो झाली. शिवाय घरच्या बाजारात चिनी कारखानदारांनी एकमेकांचे गळे कापायला घेतले आहेत. मागणीहून कारखाने अधिक, किमती रोज खाली, आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांची बिले महिनोन्‌महिने थकलेली. शेवटी २०२५ च्या जूनमध्ये बड्या कंपन्यांना साठ दिवसांत पैसे देण्याची कबुली द्यावी लागली.

कामगारांचा प्रश्न तर आहेच. ब्राझीलमध्ये कामासारी येथे फोर्ड कंपनीचा कारखाना होता. फोर्डने २०२१ साली तिथून काढता पाय घेतला, आणि ती जागा बीवायडीकडे आली. तिथे नवे बांधकाम चालू असताना डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या अधिकाऱ्यांनी एका चिनी ठेकेदाराकडचे १६३ मजूर गुलामगिरीसदृश अवस्थेतून सोडवले. अमेरिकन कारखाना गेला आणि चिनी आला, एवढ्या एका वाक्यात ही हकीकत आटोपणाऱ्यांनी त्या १६३ जणांचाही हिशेब धरावा.

अमेरिकेची मातब्बरी अजून कुठे आहे? मोटारीच्या मेंदूत. आपोआप चालणाऱ्या मोटारीची संगणकविद्या आणि तिला लागणाऱ्या चिपा यांत अमेरिकेचा हात वर आहे. कित्येक चिनी मोटारींतही एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीच्या चिपा बसवलेल्या असतात. पण इथेही अंतर कमी होत आहे. ॲपलसारख्या धनाढ्य कंपनीने मोटारीचा नाद फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला, आणि पुढच्याच महिन्यात शाओमी या चिनी फोनवाल्यांनी आपली मोटार बाजारात आणली. फोर्डचे प्रमुख जिम फार्ले यांनी ती मागवून महिनोन्‌महिने चालवली आणि ती परत द्यावीशी वाटत नाही असे बोलून दाखवले. प्रतिस्पर्ध्याने दिलेले याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

मग अमेरिकेच्या रस्त्यावर चिनी मोटार का दिसत नाही? कारण वेशीचा दरवाजा बंद आहे. २०२४ मध्ये बायडन सरकारने चिनी विजेच्या मोटारींवरची जकात २५ वरून १०० टक्के केली. जानेवारी २०२५ मध्ये चिनी संगणक-प्रणाली असलेल्या मोटारींवर २०२७ च्या नमुन्यांपासून बंदी जाहीर झाली. हे झाले बाहेरच्यांपुरते. पण आतल्यांना बळ देण्याचे काम मात्र उलटे झाले : विजेची मोटार घेणाऱ्याला मिळणारी साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, आणि डिसेंबरात फोर्डने विजेच्या मोटारींचे बेत गुंडाळताना १९.५ अब्ज डॉलरचा बोजा जाहीर केला. कुंपण घालणे आम्हांला गैर वाटत नाही. रोप लहान असताना कुंपण घालावेच लागते. पण कुंपण उंच करायचे आणि रोपाचे पाणी तोडायचे, हे शेतकरी करणार नाही. आणि कुंपणाला फटी आहेतच : फोर्डच्या मिशिगनमधल्या नव्या बॅटरी-कारखान्याची विद्या सीएटीएल या चिनी कंपनीकडून परवान्याने घेतलेली आहे. शेजारच्या कॅनडाने तर जानेवारी २०२६ मध्ये वर्षाला ४९ हजार चिनी मोटारी ६.१ टक्के जकातीने आत घ्यायचे मान्य केले.

आमचे मत असे की, सारखी जकात आणि मोकळा रस्ता मिळाला तर लहान आणि मध्यम किमतीच्या मोटारींत चीन आज अमेरिकेला हरवील. महाग मोटारींत सामना चालू राहील. बंद दाराआड अमेरिकन मोटार जगेल, परंतु ती दाराबाहेर विकली जाणार नाही.

आता चाकणकडे वळू. महिंद्र कंपनीच्या नव्या विजेच्या मोटारी चाकणला होतात, आणि त्यांतल्या बॅटरीच्या पेशी बीवायडीच्या पात्याच्या जातीच्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ धातूंच्या चुंबकांवर निर्यात-परवान्याची अट घातली. मे महिन्यात शिकागोला फोर्डचा कारखाना आठवडाभर थांबला. पुढे तो फटका पुण्यात पोचला : चुंबक मिळेनात म्हणून बजाजला विजेच्या चेतक स्कूटरचे उत्पादन आखडते घ्यावे लागले. शिकागो आणि आकुर्डी यांना एकाच वस्तूवाचून अडावे लागले, आणि ती वस्तू मुठीत मावेल एवढी. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन चुंबक देशात तयार व्हावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिची मुदत सात वर्षांची आहे, आणि त्यांतली पहिली दोन कारखाने उभारण्यात जायची आहेत.