सोनगड : बडोद्याआधीची गायकवाडांची राजधानी

सुरतेस गेलेला गोमंतकीय बहुधा कापडबाजार पाहून परततो. मुक्काम कतारगामसारख्या हिरे घासणाऱ्यांच्या वस्तीत असला, तरी पहाटे निघून सुमारे 90 किलोमीटरवरचा सोनगड एका दिवसात पाहून येता येतो. धुळ्याकडे जाणारा महामार्ग गावाजवळूनच जातो. रेल्वेने सुरत-भुसावळ मार्गावरील उकाई सोनगड स्थानक सोयीचे.

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात पर्यटकांची गर्दी असते. ते वैभव जिथून सुरू झाले, त्या टेकडीकडे मात्र फारसे कोणी फिरकत नाही. सोनगड हे गायकवाडांचे पहिले ठाणे. पिलाजीराव गायकवाड हे सेनापती दाभाड्यांचे सरदार. खानदेशातून सुरतेकडे उतरणारी वाट याच मुलुखातून जाते. इथल्या रानात भिल्ल-कोळ्यांशी सख्य राखणाऱ्या पिलाजींना मैदानी मोगल फौजेपासून आडोसा मिळाला आणि सुरत परगण्यात चौथाई वसूल करण्यास तळही. 1731 मध्ये डभोईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना त्रिंबकराव दाभाडे पडले, पिलाजींचा थोरला मुलगाही मारला गेला. जखमी पिलाजी आश्रयाला आले ते सोनगडावरच. पुढच्याच वर्षी डाकोर येथे दग्याने त्यांचा खून झाला. 1734 मध्ये बडोदे पुन्हा गायकवाडांच्या हाती आले. पुढे दमाजीरावांनी राजधानी पाटणला हलवली आणि सोनगड मागे पडला.

रायगड-राजगड पाहिलेल्यांना हा गड ठेंगणाच वाटेल. त्याची मातब्बरी उंचीत नव्हती, जागेत होती, आणि ते वर चढल्यावरच उमगते. ढासळत्या तटाशी उभे राहिले की एकीकडे सुरतेकडचे मैदान, दुसरीकडे डोंगररांगा आणि उकाई धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. तापीवरचे हे धरण 1972 मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्याखाली अनेक आदिवासी गावे गेली आहेत.

पायी भटकंती करायची असेल तर पावसाळ्याची अखेर ते हिवाळा हा काळ उत्तम. मिंढोळा नदीवरचे दोसवाडा धरण, रानातले गोमुख आणि पाऊस चांगला झाला असेल तर चिमेरचा धबधबा ही याच तालुक्यातली ठिकाणे. पाणी बरोबर न्यावे, ओल्या दगडांवर जपून चालावे. रानवाटांना फाटे फार. वाटाड्या म्हणून गावातल्या एखाद्या गामीत वा वसावा तरुणाला सोबत घेऊन त्याची मजुरी आधीच ठरवावी आणि अंधारापूर्वी महामार्ग गाठावा.