माल दिसत नाही, माणूस दिसतो
रग्बीच्या चाहत्यांना परदेशी नेणाऱ्या धंद्यातील यजमान आणि गाईड

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ठाण उलगडून पाहते, पोत चाचपते आणि मगच पैसे मोजते. सुताराकडे, चांभाराकडेही तोच रिवाज. पण एक धंदा असा आहे की ज्यात गिऱ्हाईक कित्येक महिने आधी मोठी रक्कम भरते आणि त्या वेळी त्याच्या हाती पावतीखेरीज काहीच पडत नाही. हा धंदा प्रवास कंपनीचा. त्याचीच एक खास शाखा ब्रिटनमध्ये चांगली रुजली आहे. रग्बीच्या चाहत्यांना परदेशातील सामने दाखवून सुखरूप घरी आणणे, हे तिचे काम. आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांना त्यात शिकण्याजोगे बरेच आहे, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

रग्बी हा पंधरा-पंधरा खेळाडूंचा, लंबगोल चेंडूचा खेळ. त्याचा विश्वचषक १९८७ पासून दर चार वर्षांनी भरतो. शिवाय इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा मिळून ‘लायन्स’ नावाचा संघ दर चार वर्षांनी दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या दौऱ्यावर जातो. म्हणजे एका देशाची पाळी बारा वर्षांनी येते. ती चुकली तर पुन्हा बारा वर्षे थांबा! त्यामुळे चाहते वर्षानुवर्षे पैसे साठवून निघतात. २००५ साली न्यूझीलंडच्या दौऱ्यात असे सुमारे वीस हजार चाहते तिकडे गेले होते. तीन कसोटी सामने तीन शनिवारी, क्राइस्टचर्च, वेलिंग्टन आणि ऑकलंड अशा तीन शहरांत. पहिले शहर दक्षिण बेटावर, उरलेली दोन उत्तर बेटावर, मध्ये समुद्र. एवढ्या माणसांच्या खाटा, बस, बोटी आणि तिकिटे जुळवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. म्हणूनच प्रवास कंपनी लागते.

अशा सहलीवर कंपनीची साधारण दोन तऱ्हेची माणसे असतात. एक यजमान. हा पुष्कळदा निवृत्त नामवंत खेळाडू असतो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो पाहुण्यांत बसतो, उद्याचा खेळ समजावतो, जुने किस्से सांगतो. दुसरा गाईड. सामान मोजणे, बस वेळेवर सोडणे, कोणाचे औषध हरवले तर दुकान शोधणे, हे त्याच्याकडे. यजमानाचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येते, गाईडचे नाव सहसा येत नाही. आमचे मत असे की यजमानामुळे गिऱ्हाईक येते, पण परत येते ते गाईडमुळे.

यजमानाच्या किश्शांत आपल्या देशाचाही वाटा आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्यासाठी झुंजतात त्या चषकाचे नाव ‘कलकत्ता कप’. तिथला रग्बी क्लब सभासद घटल्यामुळे बंद करावा लागला, तेव्हा १८७८ साली बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ते वितळवले आणि त्याचा चषक घडवला. त्याच्या तिन्ही मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती आहे. हे काम भारतीय कारागिरांच्या हातचे. त्यांची नावे जगाला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या कामापुढे आजही दोन देश उभे राहतात.

गाईडची खरी परीक्षा बिघडलेल्या दिवशी होते. २०१९ चा विश्वचषक जपानमध्ये होता. तिथे अंगावरचे गोंदण पाहून लोक गुंडांच्या टोळ्या आठवतात आणि सार्वजनिक स्नानगृहात गोंदलेल्या माणसाला पुष्कळदा मज्जाव असतो. ही गोष्ट पाहुण्याचा अपमान न करता त्याला आधीच सांगणे, हेही गाईडचेच काम. पुढे १२ ऑक्टोबरला ‘हगिबिस’ वादळ आले. योकोहामाचा इंग्लंड-फ्रान्स सामना धरून एकूण तीन सामने रद्द झाले. विश्वचषकाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. टोकियो भागातील रेल्वे आणि विमाने बंद होती. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण हजारो मैल प्रवास करून आलेल्या माणसाचा तो दिवस कोण परत देणार? अशा वेळी हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे राहून, माहीत आहे तेवढेच खरे सांगणारा आणि माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस लागतो. खोटा दिलासा देणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी कोणी ऐकत नाही.

२०२३ साली फ्रान्समध्ये तिकिटे मोबाईलवर आली. ९ सप्टेंबरला मार्सेय येथे इंग्लंड-अर्जेंटिना सामन्याच्या वेळी फाटकांवर इतकी गर्दी तुंबली की कित्येकांना खेळ सुरू झाल्यावरच जागेवर पोहोचता आले. तासभर आधी निघायला लावणाऱ्या गाईडवर पाहुणे कुरकुरतात. त्याची किंमत अशा दिवशी कळते.

ब्रिटनचा २०१८ चा कायदाही या धंद्याला शिस्त लावतो. हॉटेल दुसऱ्याचे, बस तिसऱ्याची, तरी सबंध सहल विकणारी कंपनीच गिऱ्हाईकाला जबाबदार. कंपनीने सहल रद्द केली तर चौदा दिवसांत पैसे परत. विमानासह सहल विकायची तर सरकारी परवाना हवा, म्हणजे कंपनी बुडाली तरी प्रवाशाचे पैसे किंवा परतीची वाट बुडू नये.

२०२१ साली लायन्स दक्षिण आफ्रिकेत गेले, पण साथीमुळे सामने रिकाम्या मैदानांत झाले. गिऱ्हाईकाला कायद्याचा आधार होता. पण सहलीगणिक मेहनताना घेणाऱ्या गाईडचे काय? सहल नाही तर मजुरी नाही. हंगामी कामावर जगणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंना हे दुःख समजावून सांगायला नको. कंपनी ज्यांच्या भरवशावर पैसे आगाऊ घेते, त्यांच्याच पोटाची तरतूद कागदावर नसते, ही या धंद्यातील मोठी उणीव आहे.

आमच्या व्यापारी बंधूंना आमचे एवढेच सांगणे आहे. मोठे नाव पाटीवर जरूर लावावे, पण गिऱ्हाईकासमोर रोज उभा राहणारा माणूस पारखून ठेवावा. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाची चूक आपली मानावी. आणि मंदीच्या दिवसांत त्या माणसाला वाऱ्यावर सोडू नये, कारण धंदा पुन्हा उभा राहील तेव्हा गिऱ्हाईक प्रथम त्यालाच शोधणार आहे.