रिकाम्या जागांचे काम

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हे १७२ मीटर परिघाचे कडे आहे. त्याच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतो आणि वळताना क्ष-किरण फेकतो. त्या किरणांच्या मदतीने संशोधक पदार्थांची रचना तपासतात. झोत तासन्‌तास टिकावा म्हणून नळीतला दाब वातावरणाच्या जवळपास एक लाख कोटीव्या भागापर्यंत उतरवावा लागतो. तरीही घन सेंटीमीटरमागे दोन कोटींच्या आसपास रेणू उरतातच. धावत्या इलेक्ट्रॉनच्या धडकेने रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडाला की मागे धनभारित आयन राहतो आणि ऋणभारित झोत त्याला ओढून आपल्यातच अडकवतो. आपला अडथळा झोत स्वतःच घडवतो आणि स्वतःच सांभाळतो.

इतक्या विरळ वायूची धास्ती कशाला, असे कुणी विचारील. पण अशा दाबात प्रत्येक इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण एक आयन तयार करतो. ते निसटलेच नाहीत, तर काही सेकंदांत झोताच्या तोडीचा विरुद्ध भार साचू शकतो. मग झोत फुगतो, डळमळतो, प्रकाशाची प्रखरता घटते. नुसते पंप वाढवून भागत नाही, कारण झोताचाच प्रकाश नळीच्या भिंतीत मुरलेला वायू बाहेर काढतो. धनभारित पॉझिट्रॉन फिरवले तर आयन अडकणार नाहीत, हे खरे. शिकागोजवळच्या ‘ॲडव्हान्स्ड फोटॉन सोर्स’ या अशाच कड्याने तो मार्ग धरलाही होता, पण १९९८ मध्ये तेही इलेक्ट्रॉनांकडे वळले. विद्युतभारित पट्ट्या लावून आयन बाजूला खेचता येतात, मात्र प्रत्येक पट्टी नळीच्या सलगपणात खंड पाडते आणि झोताला नवा त्रास देते.

म्हणून सर्वांत स्वस्त उपाय वेळापत्रकातच सापडतो. इलेक्ट्रॉन गुच्छागुच्छाने धावतात. इंडस-२ मध्ये गुच्छांसाठी २९१ जागा आहेत. सगळ्या भरल्या तर दर दोन नॅनोसेकंदांनी आयनाला आत ओढणारा हिसका बसतो. ओळीने काही जागा मोकळ्या ठेवल्या की ही लय तुटते, आयनांची आंदोलने फेरीगणिक वाढत जातात आणि ते भिंतीला जाऊन भिडतात. यात एक तोटा आहे: तेवढाच प्रवाह हवा असेल तर उरलेल्या गुच्छांवर जादा भार पडतो. शिवाय एकाच फेरीत जन्मलेले आयनही मागच्या गुच्छांना हलवू शकतात, हे रॉबेनहायमर आणि झिमरमान या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले. त्यासाठी झोताचे डोलणे मोजून त्याला उलटा धक्का देणारी यंत्रणा लागते. पण फेरीमागून फेरी साचणारा भार मोकळ्या जागाच कमी करतात. म्हणून नव्या कड्याचा आराखडा मांडताना त्यांचा हिशेब पंपांच्या हिशेबाबरोबरच करायला हवा.