‘सत्तर रुपये’वाला सीन आपण पुन्हा पुन्हा का बघतो?

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला, पण त्यातला सत्तर रुपयांचा सीन आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी) मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या पैशांचं विचारतात. धनंजय माने (अशोक सराफ) औषध मिळवून देणारा माणूस वारल्याचं सांगतो आणि पैसेही ‘वारले’ म्हणून मोकळा होतो!

उत्तर पाठ असूनही हसू का येतं? गंमत एका क्रियापदात आहे. ‘वारले’ हे आपण माणसांसाठीच वापरतो, तेही आदराने. अशोक सराफ तोच दुखवट्याचा सूर पैशांना लावतात. म्हणूनच फक्त शेवटचं वाक्य कापलेलं रील फिकं वाटतं. आधीचा गंभीर चेहरा हवाच.

हे संवाद वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्यही त्यांचंच, आणि तमाशाची बतावणी अशीच शब्दात पकडून रंगते. वारूळवाडीला खेटून असलेल्या नारायणगावात यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी देऊन जातात. यात्रेत तमाशाला बसणाऱ्यांनाही बरेच विनोद आधीच ठाऊक असतात. सोंगाड्या यंदा तो किती ताणतो, हे बघायला ते येतात.