अश्लीलता, बंदी आणि संमती : बाबासाहेबांच्या दोन भूमिका

जालना जिल्ह्यात युवकांच्या बैठकांत मोबाईलवरच्या अश्लील व्हिडिओंचा विषय निघाला की बहुतेक वेळा एकच मागणी पुढे येते : सरकारने हे सगळे बंद करावे. या मागणीमागची काळजी खरी आहे. आठवी-नववीतल्या मुलाला लैंगिक शिक्षण ना शाळेत मिळते ना घरात, मग ते पॉर्नमधून मिळते. पण काय बंद करायचे, कोणी करायचे आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे तीन प्रश्न आंबेडकरी कार्यकर्ते म्हणून आपल्याला विचारावेच लागतील. त्यासाठी बाबासाहेबांच्या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहू.

१९३४ : आरोपीच्या बाजूने

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचे लैंगिक सुख अशा विषयांवर ते उघडपणे लिहीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्याचा विषय होता वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे. या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, ही बाजू त्यांनी मांडली. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

त्या काळी अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या एका इंग्लिश निकालातून आलेली होती : वाईट प्रभावाला बळी पडू शकणाऱ्या मनावर या मजकुराचा काय परिणाम होईल? म्हणजे सर्वांत कच्च्या मनाचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून सगळ्या समाजाचे वाचन ठरवायचे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये हीच कसोटी स्वीकारली आणि २०१४ मध्ये ती सोडली.

१९३६ : त्या स्त्रियांच्या सभेत

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणी यांची सभा झाली. बाबासाहेबांनी त्यांना हा जीवनमार्ग सोडण्याचे आवाहन केले. भाषा कठोर होती. धर्म आणि जात यांनी मिळून अस्पृश्य स्त्रीचे शरीर सार्वजनिक वापराची वस्तू करून ठेवले होते, आणि त्यातून बाहेर पडल्याशिवाय समाजाला स्वाभिमान नाही, हे त्यांना दिसत होते.

वरवर पाहता या दोन भूमिका उलट वाटतात. १९३४ मध्ये ते अश्लीलतेचा आरोप असलेल्या संपादकाच्या बाजूने उभे राहतात आणि १९३६ मध्ये स्त्रीच्या शरीराच्या बाजाराविरुद्ध बोलतात. आमच्या मते त्यांत विसंगती नाही. पहिल्या ठिकाणी ज्ञान दडपले जात होते, दुसऱ्या ठिकाणी माणूस. 'हे सभ्य आहे का' यापेक्षा 'यात कोणावर अन्याय होतो' हा प्रश्न दोन्हीकडे महत्त्वाचा आहे.

स्त्रीवाद्यांमधील वाद

हाच वाद पुढे जगभर झाला. अमेरिकेत अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरीन मॅकिनन यांनी १९८३ मध्ये मिनिआपोलिस शहरासाठी कायद्याचा मसुदा केला. पॉर्नमुळे जिचे नुकसान झाले तिला भरपाईचा दावा करता यावा, अशी त्यांची मागणी होती. तेथील महापौरांनी तो नाकारला. इंडियानापोलिस शहराने असाच कायदा केला, तो न्यायालयाने रद्द ठरवला. दुसऱ्या बाजूच्या स्त्रीवादी म्हणत होत्या की सरकारच्या हाती कात्री दिली तर ती आधी आपल्याच लिखाणावर चालेल. कॅनडात तसे घडले. १९९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या हानीचा मुद्दा मान्य केला. त्यानंतर लगेच टोरांटोतील समलैंगिकांच्या पुस्तकांच्या दुकानावर एका लेस्बियन मासिकासाठी कारवाई झाली.

महाराष्ट्राने हा वाद डान्स बारच्या निमित्ताने पाहिला. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली, पण तारांकित हॉटेलांना सूट दिली. अनेक स्त्रीवादी संघटनांनी रोजगाराच्या मुद्द्यावर बंदीला विरोध केला. काही दलित-बहुजन स्त्रीवाद्यांनी विचारले : हे काम पिढ्यान्पिढ्या ठरावीक जातींच्याच मुलींच्या वाट्याला का येते? प्रश्न अत्यंत योग्य होता. लावणी-तमाशाच्या कलावंतांवर लिहिताना समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनीही जात आणि स्त्रीची लैंगिकता यांचे हे नाते उलगडून दाखवले आहे.

पण बंदीने या प्रश्नाचे उत्तर दिले का? उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. बंदीमुळे स्त्रिया बेरोजगार झाल्या आणि अनेकींना नाइलाजाने देहविक्रयाकडे वळावे लागले, असे निकालात नमूद आहे. श्रीमंतांच्या हॉटेलात चालते ते गरिबांच्या बारमध्ये अश्लील कसे, हा भेदभावाचा मुद्दाही निर्णायक ठरला. जातीने लादलेले काम संपवायचे तर शिक्षण, जमीन, दुसरा रोजगार द्यावा लागतो. नुसते दार बंद केले तर तीच स्त्री मागच्या दाराने आणखी वाईट ठिकाणी जाते.

आपल्या जिल्ह्यातील प्रश्न

२०२० च्या सुरुवातीला जालना तालुक्यात एका तरुण-तरुणीला टोळक्याने अडवून मारहाण केली, मुलीचा विनयभंग केला आणि त्याचे चित्रण मोबाईलवरून पसरवले. पोलिसांनी अटका केल्या. या व्हिडिओतला गुन्हा नग्नता किंवा प्रेम हा नव्हता. जबरदस्ती हा गुन्हा होता, आणि फॉरवर्ड करणारा प्रत्येक जण त्यात भर घालत होता.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि टीका होताच काही दिवसांत बराचसा मागे घेतला. असा आदेश पूर्ण राबवला तरी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी क्लिप थांबत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ मजकूर अश्लील आहे का एवढेच पाहते, तो कोणाच्या संमतीशिवाय पसरला हे विचारत नाही.

संमतीचा विचार करणारी कलमेही आहेत, ती आपण माहीत करून घेतली पाहिजेत. त्याच कायद्याचे कलम ६६ई खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय काढणे व पसरवणे याला शिक्षा देते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणखी स्पष्ट आहे : स्त्रीने चित्रणाला संमती दिली असली, पण ते इतरांना दाखवायला दिली नसली, तरी पसरवणे हा गुन्हाच. म्हणजे 'तिने स्वतःच फोटो दिला होता' हा बचाव चालत नाही. पीडित मुलगी अनुसूचित जातीची आणि आरोपी त्या वर्गाबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायदाही लागू होतो का हे पोलिसांकडे आग्रहाने मांडावे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? अशी क्लिप आली तर पुढे पाठवू नका. मुलीच्या इच्छेनेच, सोबत महिला कार्यकर्ती घेऊन तक्रार करा. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, आणि स्त्रिया व बालकांविषयीच्या मजकुराची माहिती तेथे नाव न देता कळवता येते. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचे नाव, तारीख लिहून ठेवा. मजकूर अल्पवयीन मुलांचा असेल तर तो साठवूही नका, लगेच कळवा. आणि मुलीचा फोन काढून घेऊ नका, शाळा-कॉलेज बंद करू नका. बहुतेक घरांत पहिली बंदी येते ती तिच्यावरच.

पंचशीलातील तिसरे शील आपण स्वतः घेतो, पोलीस ते आपल्यावर लादत नाहीत. तो संयम मुलांना शिकवायचा तर आधी त्यांच्याशी बोलावे लागेल. विहारातल्या रविवारच्या वर्गात महिन्यातून एक तास शरीर, संमती आणि मोबाईल या विषयांना द्यावा. मुले-मुली दोघांनाही बसवावे, जमल्यास आरोग्य सेविकेला बोलवावे. कर्व्यांचा खटला बाबासाहेब नव्वद वर्षांपूर्वी कोर्टात हरले. त्यांनी मांडलेली बाजू आपल्या वस्तीत जिंकणे मात्र आपल्या हातात आहे.